चादर, चटणी आणि आयटीआर

आमच्या जुळे सोलापुरात कुठल्याही अपार्टमेंटमध्ये जा, कुणीतरी कायतरी ऑनलाइन विकतंच. कुणी चादरी, टॉवेल, कुणी शेंगा चटणी आणि कडक भाकरी, कुणी नुसतंच घरातलं जुनं कपाट नाहीतर मुलाची सायकल. मी सीए नाहीये, एका ऑफिसात अकाउंट्स बघतो, पण जुलै लागला की अख्खी गल्ली फॉर्म १६ घेऊन माझ्याकडे, आणि मी विचारलं की बाबा ऑनलाइन विक्रीचं काय दाखवायचं, तर ठरलेलं उत्तर, "त्याला कशाला टॅक्स बे, मी काय दुकान टाकलोय का?"

दुकान टाकलं का नाही याचा काही संबंध नाही हो. विकायलाच आणलं होतं का, एवढंच बघायचं. घरात वापरलेलं कपाट, सोफा, जुना मोबाइल, लग्नातल्या साड्या ओएलएक्सवर विकल्या तर ती स्वतःच्या वापराची वस्तू, आयकर कायद्यात ती भांडवली मालमत्ता धरतच नाहीत, त्यामुळे त्याच्यावर कॅपिटल गेन, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स, नाही. याला अपवाद म्हणजे दागिने, पेंटिंग, शिल्प, पुराणवस्तू वगैरे. म्हणजे आजीच्या पाटल्या विकल्या तर हिशोब लागतो, आजीचं कपाट विकलं तर नाही. पण तुम्ही अशोक चौकातून होलसेलमध्ये चादरी आणल्या आणि फोटो टाकून विकायला लागलात तर पहिल्या महिन्यापासून तो धंदा, मग महिन्याला पाच जाऊ देत नाहीतर पन्नास. पगाराबरोबर धंद्याचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, बहुतेकांना छोट्या धंद्याचा आयटीआर-४ लागतो, आणि घेतलेले शेअर वर्षाच्या आत विकून शॉर्ट टर्म नफा-तोटा केला असेल तर सरळ आयटीआर-३.

दुसरा गैरसमज टीडीएसचा, म्हणजे पैसे हातात यायच्या आधीच कापून घेतलेल्या टॅक्सचा. ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवरून विकलं तर पोर्टल आपल्या विक्रीवर टीडीएस कापतं, कलम १९४-ओ, १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. पण आपल्यासारख्या एकट्या माणसाची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापतच नाहीत. मग लोक म्हणतात कापला नाही म्हणजे लागत नाही. अहो कापला नाही एवढंच, उत्पन्न कुठं गेलं? व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन जीपेवर पैसे घेतले तर मध्ये पोर्टलच नाही, कापणार कोण, पण उत्पन्न आहेच ना.

आता खरा घोळ. आमच्या वहिनी पोर्टलवर चादरी विकतात, चटणी व्हॉट्सअॅपवर. मार्च संपल्यावर त्यांनी पोर्टलचा वर्षाचा रिपोर्ट काढला आणि पासबुक शेजारी ठेवून मला म्हणाल्या, "भावजी, माझ्या खात्यात तर एवढे आलेच नाहीत, मग पोर्टलवाल्यांनी जास्त कसं दाखवलं?" त्यांना एक ऑर्डर उलगडून दाखवली. समजा चादर गिऱ्हाइकाला ९९९ ला गेली, त्यातून कमिशन, फिक्स्ड फी, कुरिअर आणि या सगळ्यावरचा जीएसटी कापून खात्यात ७८२ आले. तर विक्री ९९९ च, ७८२ नाही. मधले २१७ हा खर्च. शिवाय एखादी चादर परत आली तर ती विक्रीतून वजा होते पण परतीचं कुरिअर आपल्याच बोकांडी. म्हणून नुसतं पासबुक बघून रिटर्न भरायचं नाही, पोर्टलचा सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे विक्री किती आणि कापलं किती याचा हिशोब, घ्यायचा, आणि तोही वर्ष संपल्या संपल्या, नंतर शोधत बसायला नको. टीडीएस कापला असेल तर एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वर्षाच्या माहितीपत्रकात, ९९९ च्या हिशोबानेच आकडा येतो, आणि तुम्ही ७८२ लिहिलं तर फरक दिसणारच.

मग टॅक्स कशावर? छोट्या धंद्याला कलम ४४एडी आहे, वह्या ठेवायची कटकट नाही, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. वर्षाला ३ लाख २० हजाराची विक्री, सगळी बँकेतून, तर १९,२०० नफा. पण इथं सगळे चलाखी करतात, हा ६ टक्के कमीत कमी आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. घरी कुटलेल्या चटणीत ६ टक्केच सुटतात असं कुणी सांगितलं तर मी तरी मान्य करणार नाही, शेंगदाण्याचा भाव कितीही वाढू दे. आणि एकदा टक्क्यांनी नफा धरला की त्यातून परत कमिशन, कुरिअर वजा करता येत नाही, तेही लक्षात ठेवा.

वहिनींना तसाही टॅक्स शून्यच. २०२५-२६ ला नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंत काहीच नाही आणि रिबेट म्हणजे टॅक्समधली सूट धरून १२ लाखांपर्यंत धंद्याच्या उत्पन्नावर भरावं लागत नाही. पण पोर्टलचं खातं दादाच्या पॅनवर, क्यूआर पण दादाचा, आणि दादा नोकरीत! म्हणजे राबणार ही आणि उत्पन्न चिकटणार त्याला, त्याचा पगार वरच्या स्लॅबमध्ये. सरकारी नोकर असेल तर खासगी धंद्यावर बंधन आहे तो भाग वेगळाच. मी सांगितलं, खातं वहिनींच्या पॅनवर करा, बँक खातं वेगळं काढा, पुढं मुद्रा लोनला जायचं म्हटलं तरी रिटर्न त्यांच्या नावावर लागतील. दादाचं तोंड जरा उतरलं, पण केलं.

जीएसटीचं तर सोलापूरकरांना खास सांगायला पाहिजे. सगळे म्हणतात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी नको. बरोबर आहे, पण महाराष्ट्रात माल विकला तर. आपल्याला विजापूर, गुलबर्गा पुण्यापेक्षा जवळ, निम्मे पाहुणे तिकडचे, आणि जीएसटी लागणारा माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यातून सूट आहे पण पॉवरलूमच्या चादरीला ती धरून चालू नका. पोर्टलवर जीएसटी नोंदणीशिवाय विकायची सोय १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, त्यासाठी एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो आणि विक्री आपल्याच राज्यात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा बेंगळुरात कितीतरी जणांनी क्यूआर काढून ठेवले, रोखच द्या म्हणाले. मला तो उपाय काही पटला नाही. रोखीने विकलं तरी उलाढाल तीच, उलट ४४एडीत नफा ८ टक्के धरावा लागतो.

हां, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा, २०२५ आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचंय, त्यामुळं यूट्यूबवर बघून घाबरू नका.

आता वहिनींना गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर चटणीचा स्टॉल टाकायचाय. मी म्हटलं टाका, पण एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकायची, नोंदणी आधी, आणि तिथली रोख वेगळ्या वहीत लिहा. वही आणलीय त्यांनी, पहिल्या पानावर शेंगदाण्याचा हिशोब सुरू पण झालाय.