पाचशेला चारशेऐंशी

"जास्तीच जातंय ना दादा? कमी तर नाही ना जात? मग राहू द्या तसंच."

मी वजनकाटे दुरुस्त करतो. काटा कमी दाखवतोय, फुकट साफ करून देतो म्हटलं, तर सुरगाण्याच्या आठवडे बाजारात गोडीशेव (गुळाच्या पाकातली शेव) विकणाऱ्या मावशी एवढंच बोलल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? घरी आमची ही तर सरळ म्हणाली, "तुमचं काय गेलं त्यात?" काहीच गेलं नाही. उलट अर्ध्या किलोत वीसेक ग्रॅम शेव जास्तच घरी आली. तरी जेवताना तेच डोक्यात आणि आता लिहायला बसलो तरी तेच.

काटा 30 किलोचा, 5 ग्रॅम अ‍ॅक्युरसीचा. थाळीच्या कडेने गूळ ओघळून वाळलेला लांबूनच दिसत होता. बसला वेळ होता, वजनांची पेटी पिशवीत होती. पितळी 500 ग्रॅम मधोमध ठेवलं, आकडा आला 480. तेच वजन एका कोपऱ्यात सरकवलं तर 475, समोरच्या कोपऱ्यात 490. उचललं तर आकडा शून्यावर येईना, 5 वर रेंगाळला. मग आपसूक शून्य झालं.

काट्याला काय झालंय हे एवढ्यावरच कळतं. कॅलिब्रेशन सरकलेलं असेल तर चूक प्रमाणात असते: पाव किलोला 10, अर्ध्याला 20, किलोला 40, आणि वजन उचललं की आकडा निमूट शून्यावर जातो. कुठेही ठेवा, तेवढीच चूक. इथे कोपऱ्यागणिक वेगळा आकडा आणि परत येताना आळस, म्हणजे काहीतरी अडतंय. थाळीखालच्या चौकटीला चार कोपऱ्यांत ओव्हरलोड स्टॉपचे बोल्ट असतात. जास्त वजन आदळलं तर चौकट त्यांच्यावर टेकते आणि लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा धातूचा भाग, वाचतो. एरवी त्या बोल्टांत आणि चौकटीत जेमतेम मिलिमीटरभर फट असते. शेवेचा चुरा त्या फटीत पडतो, वरून गूळ ठिबकतो, दोन्ही मिळून तिथे एक गच्च गोळी बसते. मग थाळीवर ठेवलेल्या मालाचा थोडा भार लोडसेलवर न जाता गोळीवाटे खालच्या सांगाड्यावर जातो. लोडसेलपर्यंत जेवढं पोचतं तेवढंच तो सांगतो. काटा कमी दाखवतो, मावशी आकडा 500 होईपर्यंत शेव टाकत राहतात, गिऱ्हाईक 520 घेऊन जातं.

दुरुस्ती म्हणावी असंही ते काम नाही. थाळी उचलायची, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने गूळ सैल करायचा, फटीतून जुना टूथब्रश फिरवायचा, कोरडं पुसायचं. पाणी ओतायचं नाही, लोडसेलची वायर आत जाते तिथून ते बोर्डापर्यंत पोचतं. सुरीने खरवडायचंही नाही, कारण त्या जोरात लोडसेलवरचं रबर फाटलं तर पहिल्या पावसातच आकडे पळायला लागतात. निरीक्षकांच्या शिशाच्या सीलला हात लावायची गरज नाही. दहा मिनिटं. पैसे मागणार नव्हतोच.

आणि त्यावर "राहू द्या".

कायद्याचं म्हणाल तर 5 ग्रॅमच्या काट्याला अर्ध्या किलोवर स्टँपिंगच्या, म्हणजे सरकारी पडताळणी होऊन शिक्का बसण्याच्या, वेळी अडीच ग्रॅमची सूट असते आणि रोजच्या वापरात त्याच्या दुप्पट, म्हणजे 5 ग्रॅम. मुंबईला सेट केलेला काटा उंचीवरच्या नाशिकला आणला की गुरुत्वाकर्षणाच्या फरकाने 10 किलोमागे जेमतेम ग्रॅमभर हलतो, त्याचीसुद्धा आम्ही दखल घेतो. आकडा नेमका कुठे उडी मारतो हे बघायला अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या चकत्या चिमट्याने ठेवत बसतो. इथे चूक 20 ग्रॅमची. चूक कोणाच्या फायद्याची आहे हे वजनमापांचे निरीक्षक विचारत नाहीत, अधिकउणे दोन्हीकडे सूट सारखीच आणि दोन्हीकडे चूक ती चूकच. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी करावी लागते, माझ्या पेटीतल्या वजनांची दर 24 महिन्यांनी. वजनंच चुकीची असतील तर काट्याला बोलायचा मला काय अधिकार?

हा अधिकार कोणाला हवाय, हाच तर प्रश्न आहे. 30 किलोच्या काट्याचे चार कोपरे तपासायचे तर क्षमतेच्या एक तृतीयांश, म्हणजे 10 किलो वजन लागतं. बिडाची पाच-पाच किलोची दोन, षटकोनी, कडीची. शिवाय पितळी पेटी, मीटर, 6 व्होल्टची बॅटरी, दोन जातींचे चार्जर, लोडसेल, स्पिरिट, ब्रश. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर बस लागली की लोक खिडकीकडे धावतात आणि मी ड्रायव्हरमागच्या जागेकडे, कारण तिथे पायाशी वजनं ठेवली तर घाटात घरंगळत नाहीत. दिंडोरीपर्यंत रस्ता बरा, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. वणीनंतर चढ सुरू होतो, बोरगावला सापुताऱ्याचा रस्ता सोडून बस सुरगाण्याकडे वळते आणि मग पाठीचे मणके एकेक करून मोजता येतात. कंडक्टर पिशवी उचलून बघतो आणि विचारतो, "काय दगडं भरलीत का?" अंबडच्या कारखान्यात राहिलो असतो तर... जाऊ दे.

एवढं ओझं वाहून जायचं ते एका शून्यासाठी. थाळी रिकामी असताना शून्य आणि 500 ठेवल्यावर 500, याहून जास्त कोणी काही मागितलेलं नाही. आणि ते फुकट देऊ केलं तर समोरचं माणूस म्हणतं, नको. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला कोणी असं म्हणतं का? अण्णांना फोनवर सांगितलं तर हसले नुसते. त्यांच्या वेळी तागडी होती. दांडी जरा गिऱ्हाइकाकडे झुकली की वर चार दाणे टाकायचे आणि विषय संपायचा, असं ते नेहमी सांगतात. आज सांगितलं नाही. हसले, बस.

शेव मात्र उत्तम होती, हे लिहायलाच हवं. गोडीशेव नाशिकलाही मिळते, पण जत्रेतली आणि आठवडे बाजारातली वेगळीच, कारण ती तिथल्या तिथे होते आणि शिळी व्हायला थांबत नाही. मावशींची रीत बघत उभा होतो. एक किलो बेसनाला मूठभर तांदळाचं पीठ, कडकडीत तेलाचं मोहन, मीठ नावाला. पीठ चकलीपेक्षा सैल नाही. जाड भोकाची चकती, आच मध्यम. मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि आत ओलसर राहते, मग पाकात गेल्यावर मऊ पडते. खरी परीक्षा पाकाची. किलोभर शेवेला पाऊण किलोच्या आतबाहेर गूळ, पाणी फक्त गूळ भिजण्यापुरतं. थेंब गार पाण्यात टाकला की त्याची टणक गोळी व्हायला हवी आणि ती भांड्याच्या कडेवर टाकली तर टक्‌ असा आवाज यायला हवा. त्याआधी शेव ओतली तर संध्याकाळपर्यंत सगळ्याचा एक लाडू होतो. उशीर झाला तर पाक कढईतच खडे धरतो आणि शेव कोरडी राहते. ओतल्यावर दोन झाऱ्यांनी खालीवर करत राहायचं, थांबायचं नाही, गूळ पांढुरका पडून काडी काडी सुटी होईपर्यंत.

मग तीच शेव कोमट असतानाच काट्यावर येते. गडबड इथेच होते. गार झालेली शेव चुरा टाकते, कोमट शेव गूळ टाकते. थंडीत त्या फटीतली गोळी दगडासारखी कडक असते तेव्हा काटा जास्त अडतो, उन्हाळ्यात ती पाघळून पसरते तेव्हा कमी. पावसाळ्यात मुंग्या आत बोर्डापर्यंत जातात. सुरगाण्याच्या पावसात तर गूळही हवेतली ओल ओढून घेतो, म्हणजे शेव स्वतःच थोडी जड होते. त्यामुळे मावशींचं "जास्ती" म्हणजे नेमकं किती, हे ऋतूवर आहे. ही गोष्ट त्यांना सांगायची राहिली. सांगून तरी काय, पुन्हा "राहू द्या"च ऐकलं असतं.

हिशोब करून पाहिला. अर्ध्या किलोला 20, म्हणजे किलोला 40, म्हणजे बाजाराच्या दिवसात 20 किलो विकली तर 800 ग्रॅम फुकट. 240 रुपये किलोच्या भावाने 192 रुपये. दर बाजाराला! आकडा लिहिल्यावर मावशींची फार कणव आली. डोंगरातली बाई, चुलीपुढे दिवसभर, आणि काटा खिशातून दोनशे रुपये काढतोय, आणि तिला ते कळतसुद्धा नाही. पुढच्या खेपेला न विचारताच थाळी उचलून पुसून टाकावी, असंही ठरवलं.

आणि मग आठवलं की शेजारच्या पालावर भाव 220 होता.

तीच जाड शेव, तोच गूळ, रंगही सारखाच. मावशींच्या पालापुढे गर्दी आणि शेजारचा माश्या हाकलत बसलेला. म्हणजे गणित असं होतं. मावशी 240 घेऊन 1040 ग्रॅम देतात, तर त्यांचा खरा भाव पडतो किलोला साधारण 231. शेजाऱ्यापेक्षा 11 रुपये जास्तच. गिऱ्हाईक मात्र घरी जाऊन आईच्या तागडीवर टाकतं, भरून उतरतं, आणि पुढच्या बाजाराला गल्लीतल्या दोघांना घेऊन येतं. मला कणव येत होती ती कोणाची?

त्यांना कळत नाही असं मी कशावरून धरलं? रोज हाताने शेव भरणाऱ्या बाईला अर्धा किलो म्हणजे किती ओंजळी हे माझ्या पेटीपेक्षा आधी कळत असणार. काटा कमी दाखवतोय हे त्यांना माहीत होतं, किती कमी तेही बहुधा माहीत होतं आणि भाव त्याच अंदाजाने लावलेला होता. साफ करून दिला असता तर एक तर भाव उतरवावा लागला असता, नाहीतर "आता पहिल्यासारखं माप नाही" हे ऐकावं लागलं असतं. दोन्हीत नुकसान माझं नव्हतं.

तरीही पुरतं पटत नाही. काटा म्हणजे काटा. आज अडकलेला गूळ मावशींच्या विरुद्ध आहे. उद्या तो जास्त दाबला जाऊन स्टॉपवर कायमचा ताण राहिला, कोणी त्याच अवस्थेत शून्याचं बटण दाबलं आणि नंतर ती गोळी निसटली, तर रिकामी थाळीच 30-40 ग्रॅम दाखवेल. मग माप भरून देणाऱ्या मावशी एका दुपारीत माप मारणाऱ्या होतील, स्वतःला न कळता. हे मात्र त्यांना सांगायला हवं. भीती घालायची म्हणून नव्हे, एवढंच की दर गिऱ्हाइकाआधी थाळी रिकामी करून आकडा बघा. नाशिकला रविवार कारंज्यावर उभं राहून मिठाई घेताना तरी कोण बघतं म्हणा! पेढ्याचं रिकामं खोकं पन्नास-शंभर ग्रॅमचं असतं, ते आधी ठेवून टेअर, म्हणजे त्याचं वजन वजा करणारं बटण, दाबायचं असतं. खोक्यासकट तोललेले पेढे लोक हसत घरी नेतात आणि वर दुकानाचं कौतुक करतात. तिथे जाणारे पन्नास ग्रॅम कोणाला टोचत नाहीत, मग इथे मिळालेले वीस मलाच का टोचावेत?

ही आत्ताच डोकावून गेली. गोडीशेव निम्मी संपलीये. तिने डबा वाजवून दाखवला आणि म्हणाली, "उरलेली तोलून ठेवू का?" मी काही बोललो नाही.

उद्या हरसूल. किराणा दुकान, काटा बरोबर उलट चुकतोय: थाळी रिकामी असताना 15, शून्य दाबलं की जातं, तासाभरात परत येतं. मिठाची पन्नासची गोणी कोणीतरी वरून टाकलेली असणार, लोडसेल वाकला असणार. तसं असेल तर पुसून भागणार नाही. लोडसेलच्या वायरींवर मीटर लावून इनपुट-आउटपुट ओम (विजेचा रोध) मोजायचे. साधारण 400 आणि 350 आले आणि तरी शून्य सरकत असेल तर वायर ठीक आहे आणि धातूच वाकलाय, म्हणजे 40 किलोचा नवीन लोडसेल. त्यासाठी सील तोडावं लागेल. तोडलं की निरीक्षकांकडून पुन्हा मुद्रांकन होईपर्यंत दुकानदाराला तो काटा वापरता येणार नाही, हे त्याला फोनवरच सांगितलंय. तो तयार आहे, आजच्या आज या म्हणाला. त्याच्याकडे गिऱ्हाईक भांडायला लागलंय.

बिडाचं एकच वजन न्यावं का, पाठ जरा... नाही, लोडसेल बदलल्यावर चारही कोपरे बघावे लागतात. दोन्ही न्यायची.