कंसातला १८४२

"सर, आमच्याकडे तर ओपन होतंय." आठ दिवसांत सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्यांकडून हे वाक्य मी चारदा ऐकलं. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. बिलं, स्टॉक, खरेदी सगळं ओडू १६ या धंद्याच्या सॉफ्टवेअरवर. वसुलीच्या मॅडम कोणाला फोन केला, कोण काय म्हणालं ते एक्सेलमध्ये लिहितात आणि संध्याकाळी एक पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्या नोंदी ओडूत त्या त्या ग्राहकाच्या नोट्समध्ये टाकते. स्क्रिप्ट एका मुलाने नोकरी सोडता सोडता लिहून दिलेली. चालत होती, म्हणून कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

एका सोमवारी ती मध्येच थांबली. स्क्रिप्टच्या काळ्या खिडकीत 'रेकॉर्ड डझ नॉट एक्झिस्ट ऑर हॅज बीन डिलीटेड', म्हणजे रेकॉर्ड नाही किंवा पुसलं गेलंय, आणि खाली कंसात 'रेकॉर्ड: रेस.पार्टनर(१८४२,), युजर: ७'. मी मोबाईलवर फोटो काढला, वरची ओळ तेवढी मोठी दिसेल असा कापला आणि सपोर्टला तिकीट टाकलं. हा कापलेला फोटो लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी उत्तर आलं, ब्राउझरचा कॅशे क्लिअर करा. काळ्या खिडकीला कसला आलाय कॅशे! तरी केला. दुसऱ्या दिवशी म्हणे युजरला ॲडमिनचे राइट्स देऊन बघा. हे मी केलं नाही, तुम्हीही करू नका. परवानगीची अडचण असली तर ओडू तसं स्पष्ट सांगतो, रेकॉर्डच नाही असं म्हणत नाही. चौथ्या दिवशी विचारलं, कोणता ग्राहक? स्क्रिप्ट एक्सेलच्या ३९व्या ओळीवर अडकत होती, म्हणून तिथलं नाव कळवलं. त्यांनी नाव शोधलं, ग्राहक उघडला, बिलं दिसली. "सर, आमच्याकडे तर ओपन होतंय." मग आमच्याकडेही उघडून पाहिला, तर उघडला! म्हणजे ओडू म्हणतोय रेकॉर्ड नाही आणि रेकॉर्ड समोर बसलेलं.

सहाव्या दिवशी कहर. मागच्या आठवड्याचा बॅकअप रिस्टोअर करू का? मधल्या सगळ्या दिवसांची बिलं आणि चलनं गेली असती. मी फोनवर आवाज चढवला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

आणि खालच्या ओळी? एक ओळ अडली की स्क्रिप्ट तिथेच थांबायची, त्यामुळे ३९ नंतरच्या एकाही ग्राहकाची नोंद ओडूत जात नव्हती. मार्केटिंगवाल्याने जुनी नोट वाचून, पैसे भरून मोकळ्या झालेल्या एकाला पुन्हा तगादा लावला. त्यांचा फोन मॅडमनी घेतला.

आठव्या दिवशी मोबाईलमध्ये मूळ, न कापलेला फोटो सापडला. कंस दिसला. रेस.पार्टनर म्हणजे ओडूतला ग्राहक आणि १८४२ हा त्याचा आयडी, म्हणजे डेटाबेसमधला नंबर. ओडूत कुठलाही ग्राहक उघडून वरच्या पत्त्यात आयडीच्या जागी १८४२ टाकलं. तीच एरर, पण आता ब्राउझरमध्ये! तेव्हा जीवात जीव आला. एक्सेलमध्ये 'ए' कॉलम लपवलेला होता. तो उघडला, तर ३९व्या ओळीत १८४२. त्याच ग्राहकाला नावाने शोधून उघडलं, तर पत्त्यात २३१०. आणि पानाच्या चॅटरमध्ये, म्हणजे नोंदींच्या भागात, ओळ: अमुक पार्टनर यात मर्ज केले, आयडी १८४२. करणाऱ्याचं नाव माझं. तारीख आदल्या शनिवारची.

त्या शनिवारी मी मोठ्या हौसेने डुप्लिकेट ग्राहक मर्ज, म्हणजे एकत्र, करून साफ केले होते. एकच जीएसटी नंबर, दोनदा नोंदलेला. ओडू एका वेळी तीनच कॉन्टॅक्ट मर्ज करू देतो, म्हणून पुन्हा पुन्हा बसून केलं. मर्जमध्ये एक आयडी राहतो, बाकीचे कायमचे पुसले जातात. बिलं, अटॅचमेंट, फॉलो-अप ओडू स्वतः नव्या आयडीवर नेतो. पण आमच्या एक्सेलमध्ये जुना आकडा बसलाय हे त्याला कोण सांगणार?

आकडा बदलला. असेच आणखी चार निघाले, तेही बदलले. दहा मिनिटांचं काम.

राहिलं म्हणजे, युजर ७ हा स्क्रिप्टचा लॉगिन. तो नंबर आधी ओळखला असता तर मॅडमचा कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट करायच्या गोष्टी झाल्या नसत्या. नुसतं अर्काइव्ह केलेलं रेकॉर्ड अशी एरर देत नाही, ते फक्त यादीतून लपतं. म्हणून शंका असेल तर मर्ज किंवा डिलीट न करता अर्काइव्ह करा. आणि बाहेरच्या शीटमध्ये डेटाबेसचा आयडी ठेवूच नका, एक्स्टर्नल आयडी, म्हणजे बाहेरून ओळखण्यासाठीचा वेगळा आयडी, ठेवा.

तिकीट त्यांनी 'युजर एंड इश्यू' लिहून बंद केलं. मर्ज मीच केलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नाही. पाचपैकी किती तारे द्याल, असा त्यांचा मेल इनबॉक्समध्ये अजून तसाच पडून आहे.