तारीख एकच, पाच वेळा

लातूर जिल्ह्यात औशाजवळ माझं छोटं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, भरतीचे फॉर्म, हेच दिवसभर चालू असतं. 2023 ची 30 सप्टेंबर मात्र डोक्यातून जात नाही.

दोनच दिवसांपूर्वी गणपती विसर्जन झालेलं, रस्त्याच्या कडेला अजून गुलाल पडलेला होता. किल्लारीच्या भूकंपाला त्या दिवशी 30 वर्षं झाली म्हणून सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला श्रद्धांजली. साधारण अकराला एक आजी आणि त्यांचा वीसेक वर्षांचा नातू आले. आजींकडे भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र होतं आणि ते नातवाच्या नावावर करायचं होतं. सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण असतं, पोरगं भरतीची तयारी करतंय, त्यासाठी ही धडपड. याआधी एका ऑफिसात तीन चकरा मारून आले होते, दरवेळी एक कागद कमी निघायचा.

कॅरीबॅगमधून आजींनी प्रमाणपत्र काढलं. घडी घालून घालून मधोमध फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. संमतीपत्र टाईप केलं आणि मग वंशावळीचं शपथपत्र घेतलं. वंशावळ म्हणजे एकेक नाव, आणि माणूस हयात नसेल तर पुढे मयत आणि तारीख. आजी सांगत गेल्या, मी टाईप करत गेलो. सासू मयत, 30/09/1993. नवरा मयत, 30/09/1993. दीर. तिसऱ्या नावाला मी सवयीनं तारीख कॉपी करून पेस्ट केली आणि हात तिथंच थांबला. आपण काय पेस्ट करतोय हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. पुढच्या दोन तारखा मी हातानं टाईप केल्या. धाकटा मुलगा. मुलगी, वय 9. मोठा मुलगा तेवढा मामाच्या गावाला गेलेला म्हणून वाचला, त्याचाच हा पोरगा.

मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आमच्या गावात भिंतींना तडे गेले, त्यावर निभावलं. पण वडील अजूनही स्लॅबखाली झोपत नाहीत, अंगणातल्या पत्र्याखाली बाज टाकतात. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची कित्येक वर्षांची माती, हे सगळं गाढ झोपेतल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. वर्षभर आधीपासून किल्लारीला बारीक धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपायचे, पण त्या रात्री गणपती बोळवून दमून आलेली माणसं घरात जाऊन पडली.

मुलीचं नाव टाईप झालं तशा आजी आपणहून बोलायला लागल्या.

"मिरवणुकीत लई नाचली रे. डोक्यात सगळा गुलाल. मी रागं भरले, म्हनलं झोप आता, सकाळी न्हाऊ घालते."

नातू मोबाईल खाली ठेवून ऐकत होता. हे त्याला घरात कुणी सांगितलेलं नसावं.

"ढिगाऱ्यातून काढली तवा बी केसात गुलाल तसाच. वरून पाऊस लागलेला. किती वर्षं डोळे झाकले की तेवढंच दिसायचं. शेडात ऱ्हात होतो तवा तर रोज. मग पोराचं शिक्षण, नव्या गावातलं घर, ह्याचा जन्म. आता कसं झालंय लेकरा, पयलं ती नाचताना दिसती. बाकीचं मागून येतं. कवा कवा येतच न्हाई. मग मलाच कसंतरी हुतं, म्या इसरले की काय तिला."

मला काय बोलावं सुचेना. काळ हे औषध आहे असं लोक सहज म्हणून जातात, पण ते औषध घेतानाही माणसाला अपराधी वाटत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "आजी, नाचताना दिसते म्हणजे विसरला नाहीत की." त्या थोडं हसल्या. नातवानं विचारलं, "आज्जे, आत्या कशी नाचायची गं?" तर बसल्या जागी दोन्ही हात वर करून, मनगटं फिरवून त्यांनी दाखवलं. मागे पीक विम्याच्या रांगेत चार-पाच जण होते, कुणी घाई केली नाही.

आधारला मोबाईल नंबर जोडायचा होता, पण अंगठा मशीनवर उठेना. आयुष्यभर रानात काम केलेल्या हाताच्या रेषा झिजून जातात. बोटं धुवून, पुसून पाचव्यांदा घेतला तेव्हा कुठं जमलं. शपथपत्राच्या तीन पानांवर शाईचा अंगठा घेतला, त्याआधी नातवाकडून सगळी नावं एकदा मोठ्यानं वाचून घेतली. मुलीच्या नावाला "पुन्यांदा वाच" म्हणाल्या. त्यानं वाचलं.

मी पैसे नको म्हणालो तरी त्यांनी मोजून दिले. अंगठ्याची शाई पुसायला मी कापड पुढं केलं, पण जुनी माणसं करतात तसं त्यांनी पदर मागे सारून अंगठा केसांतच पुसला आणि एसटी चुकेल म्हणून नातवाचा हात धरून निघाल्या.