वासाला मार्क नसतात

मावशीने फोनवर दोनच वाक्यं सांगितली. "शुक्रवारी ये आणि गाडी घेऊनच ये. मला बादल्या न्यायच्यात." कशाच्या बादल्या, कुठे न्यायच्या, हे विचारायच्या आत फोन बंद.

ठाणे ते नाशिक प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की भिवंडी बायपासला जेवढा वेळ गेला तेवढ्यात कसारा घाट दोनदा चढून उतरता आला असता. पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. ऑफिसातल्या डहाणूच्या मित्राने दिलेले दोन किलो चिकू मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात नेले. अगदी खायला झालेले, बोट लावलं तर रुतेल असे. फ्रिज उघडला तर आत गुलाब! मधला कप्पा रिकामा करून स्टीलच्या पेल्यांत पाच कळ्या उभ्या केलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर बटर पेपरची टोपी. कोथिंबीर, दही, कणीक, सगळ्यांची रवानगी दारातल्या खणांत. मी खालच्या कप्प्यात जागा करून चिकू ठेवले आणि जेवायला बसलो.

सकाळी साडेसहाला मावशीने फ्रिज उघडला. चार फुलं जशीच्या तशी होती. पाचवं, म्हणजे तिचं लाडकं डबल डिलाइट जातीचं फूल, रात्रीत मोकळं झालं होतं. पाकळ्या बाहेर कललेल्या, मधे पिवळे केसर दिसायला लागलेले. मावशी "हं" म्हणाली. मग म्हणाली, "ऊन बघ ना केवढं तापतंय यंदा. कापतानाच जरा पुढे गेलेलं असणार." आणि तरीही फुलांच्या प्रदर्शनाला न्यायच्या बादलीत ते फूल तिने घेतलंच.

मला तोवर गुलाब म्हणजे गुलाब एवढंच ठाऊक होतं. गाडीत, मांडीवर बादली घेऊन, मावशीने माझी शिकवणी घेतली. प्रदर्शनातला हायब्रिड टी गुलाब, म्हणजे लांब देठावर एकच मोठं फूल येणारा, अर्धा ते पाऊण उमललेला लागतो, मधला भाग उंच, निमुळता, आणि त्याच्या भोवती पाकळ्या गोल फिरत गेलेल्या. तो क्षण बरोबर परीक्षणाच्या सकाळी यावा म्हणून ती नाताळाच्या सुमारास छाटणी करते. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण पन्नास दिवस. थंडी टिकली तर आठवडा जास्त, ऊन चढलं तर आठवडा कमी. शेजारची कळी मुगाएवढी असतानाच खुडायची, नाहीतर देठावर व्रण दिसतो. म्हणजे हा सगळा पन्नास दिवसांचा हिशोब, आणि शेवटी सगळं हवामानावर. मुघलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, हे तिने दरवर्षीप्रमाणे या वर्षीही सांगितलं.

प्रदर्शन गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आता तक्रार येते आहे. साडेनऊला सगळ्या स्पर्धकांना बाहेर काढलं, परीक्षण सुरू झालं, ते बारा वाजून गेले तरी चालूच. बसायला एका रेन ट्रीखाली बारा-पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसं साठ. प्यायचं पाणी आत, मंडपात. सकाळी मी गच्चीवर स्वेटर घालून उभा होतो. साडेदहाला तोच स्वेटर डोक्यावर घेऊन बसलो. नाशिकच्या फेब्रुवारीचं हे मला कधीच समजलेलं नाही.

पण खरं सांगतो, ते तीन तास मला हवे तर पुन्हा द्या.

बागवाली माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, झाडांची विचारतात. "कोळी पडला का हो तुमच्याकडे?" म्हणजे लाल कोळी, उष्णता वाढली की पानांच्या मागे जाळी धरतो. "मी रोज सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारते. दुसरं औषध नाही." "पाणी येतं का तेवढं?" "सुनेला विचारा. ती म्हणते, आई, माणसांना आंघोळीला ठेवा." एका काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गच्चीचे जिने बंद. म्हणून त्यांनी सगळ्या कुंड्या पार्किंगमध्ये उतरवल्या आणि आता सोसायटीशी भांडण चालू आहे. एक ताई पॅन्झीच्या नावाने रडत होत्या. थंडीचं झाड ते, दुपारच्या उन्हाने गेल्या आठ दिवसांत माना टाकल्या. "पिटुनिया तरी उभं आहे, नाहीतर मी रिकाम्या कुंड्या आणल्या असत्या."

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार बायकोच्या शेवंतीसाठी आले होते. दिवसा ऊन, रात्री गारठा, या तफावतीने पांढऱ्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात, म्हणून त्यांनी घडाघडाला कागद गुंडाळले होते. "द्राक्षाला गुलाबी रंग चढला की रडायचं आणि तुमच्या गुलाबाला चढला की बक्षीस," ते म्हणाले. मावशी खूश झाली, कारण डबल डिलाइटचं नेमकं तसंच. कळी मलईच्या रंगाची, आणि पाकळीला जितकं ऊन लागेल तितकी कडेने लाल चढत जाते.

माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. मांडीवर वही, वहीत सगळा हिशोब. मी विचारलं, मार्क कसे देतात? त्यांनी चष्मा वर केला आणि अमेरिकन रोझ सोसायटीची शंभर गुणांची वाटणी पाढ्यासारखी म्हटली. फुलाच्या घडणीला 25, रंगाला 20, देठ आणि पानांना 20, पाकळीच्या दमदारपणाला 15, तोलाला 10, आकारमानाला 10.

मी बोटांवर बेरीज केली. "आणि वासाला?"

"वासाला मार्क नसतात."

"गुलाबाला?"

"परीक्षकाला सर्दी असली तर?"

यावर मी काय बोलणार. डबल डिलाइटची सगळी ख्याती वासावर. त्या बादलीमुळे माझी गाडी अख्खी घमघमत होती, आणि त्याला शून्य.

मग विषय फुलं टिकवण्यावर आला. संध्याकाळी कापायचं, देठ तिरपा, मानेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवायचं, मग फ्रिज. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. "फक्त फ्रिजमध्ये फळं नकोत हं," काका म्हणाले. "केळं, सफरचंद, चिकू, पिकलेलं काहीही. त्यातून इथिलीन सुटतं. वायूच तो, दिसत नाही. फुलाला लागला की रात्रीत म्हातारं."

मी मावशीकडे बघितलं. ती पदराने चष्मा पुसत होती. फार वेळ पुसत होती.

तेवढ्यात पॅन्झीवाल्या ताईंनी विचारलंच, "तुमचं डबल डिलाइट यंदा असं कसं हो? दरवर्षी प्रदर्शनाचा राजा नाहीतर राणी ठरलेली असते तुमची."

"ऊन हो," मावशी म्हणाली. "काय करणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उन्हावर चर्चा आणखी वीस मिनिटं चालली आणि मी त्या वीस मिनिटांत रेन ट्रीची पानं मोजली.

साडेबाराला पडदा उघडला. मावशीच्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाला दुसरं बक्षीस, डबल डिलाइटसमोर काहीच नाही. पहिलं आलेलं लाल फूल पॉलिहाऊसचं असल्याचा संशय काकांनी वहीत नोंदवून ठेवला. जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसची कमी नाही, आणि एवढा सरळ देठ गच्चीवर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं दिसलं, की दुपारी चारला लोक आत आले तेव्हा ते पहिलं फूलही मान टाकून बसलं होतं, पुढ्यात चकचकीत कार्ड. गर्दी मात्र अफाट. सेल्फी काढणाऱ्यांनी एका फ्लॉक्सच्या वाफ्यात पाय दिला, आणि "हात लावू नका" ओरडणाऱ्या स्वयंसेवकाचा घसा बसला. डबल डिलाइटपाशी लोक थांबत होते, वाकत होते, नाक लावत होते. मीही लावलं. सुगंधात किंचित मसाल्याची झाक.

रविवारी सकाळी गंगेवर जाऊन आलो (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात), गणेशवाडीच्या फूलबाजारात मावशीने झेंडूचा भाव उगाचच विचारला, मिसळ झाली. पांडवलेणी याही वेळी राहिली.

निघताना रिकाम्या बादल्या ठेवायला गच्चीवर गेलो. तुळशीच्या मागे, सावलीत, ओल्या फडक्याखाली माझी चिकूंची पिशवी. फ्रिजमध्ये नव्हतीच ती. आठवून बघितलं, शनिवारी सकाळी मावशीने माझ्यासमोर फ्रिज उघडला तेव्हाही खालचा कप्पा रिकामा होता.

"कधी काढलेस?"

"पहाटे चारला. पाणी प्यायला उठले होते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? दोन किलो चिकू घेऊन आलेल्या पोराला रात्रीत म्हातारं झालेलं फूल दाखवत बसू?" ती पिशवी माझ्या हातात देत म्हणाली. "आणि ऊन होतंच की रे."

चिकू छान होते. घाट उतरून कसाऱ्याला पोचेपर्यंत मी सहा संपवले.