गटारीच्या आठ दिवस आधी

मोगरी मेली तेव्हा आम्ही तिला फणसाखाली पुरलं आणि पावसाला दोष देऊन मोकळे झालो. आदल्या संध्याकाळी ती पागोळ्यांखाली भिजत उभी होती, सकाळी खुराड्यात आडवी. गारठली असणार, असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. संगमेश्वराकडच्या जुलैत माणसं गारठतात, तिथे तीन महिन्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगेचं काय!

दुसऱ्या दिवशी भिंगरी तशीच उभी दिसली, तीही न भिजता.

या दोघी बारा दिवसांपूर्वीच घरी आल्या होत्या. कावेरी जातीच्या, पिंजऱ्यात वाढवलेल्या. आमच्या आधीच्या पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, त्यांत या दोन पाहुण्या. आल्या दिवशी ती स्वतःभोवती गरागरा फिरत दाणे टिपत होती म्हणून मुलीने तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता तीच कोपऱ्यात पिसं फुगवून, पंख पाडून, मान आत ओढून उभी. कण्या टाकल्या तशा बाकीच्या धावल्या. हिने एक डोळा उघडला आणि परत मिटला. नुकता लाल होऊ लागलेला तुरा धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा झाला होता.

आधी मनात आली ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. पण मान सरळ होती, श्वासाला घरघर नव्हती, हगवण हिरवी नव्हती आणि बाकीच्या सहाजणी ठणठणीत होत्या. (कोंबडा ऐकत असेल तर त्याने माफ करावं.) शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "गटारी आठ दिवसांवर आलीय वहिनी, वाट कसली बघताय? अंगात मांस आहे तोवर उरका." त्यांचा हिशेब व्यवहाराला धरूनच होता. साडेतीनशे रुपयांची कोंबडी आणि तालुक्याला जायचं-यायचं रिक्षाभाडं, यांत फार अंतर नाही. पण आजारी कोंबडी ताटात घ्यायची हे मला जमणारं नव्हतं, आणि मुलगी तर काकांशी आठवडाभर बोलली नाही.

त्या दिवशी मी घरचेच उपाय केले. हळद, लसणाचं पाणी, आणि कपाटात पडलेली बी-कॉम्प्लेक्सची बाटली. "ताकद येईल" म्हणून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब. या थेंबांची गोष्ट पुढे येते.

भिंगरीला पडवीत पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळं ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. यातून एक फायदा आपसूक झाला, तिने काय टाकलं ते स्वच्छ दिसायला लागलं. खुराड्यातल्या तुसात सगळं मिसळून जातं. कोंबडीची चांगली शीट घट्ट असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. दिवसातून काही वेळा मात्र चॉकलेटी रंगाची, चिकट, घाण वासाची शीटही पडते. तीही नेहमीचीच असते, आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते. कधी नारिंगी पातळ पापुद्रा दिसतो, त्याने मी मागे एकदा उगाच घाबरले होते. या वेळी घाबरायला कारण होतं. संध्याकाळच्या कागदावर पाणी, शेंबूड आणि मधोमध ताजं लाल रक्त. रुपयाएवढा डाग.

सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात. भिंगरी पिशवीत, आणि रिकाम्या औषधाच्या बाटलीत पहाटेची शीट. बाटली बघून डॉक्टर खूश झाले. बहुतेक लोक कोंबडी आणतात, शीट आणत नाहीत. त्यांनी मिठाचं अगदी दाट पाणी घेतलं, त्यात शीट कालवली, गाळली, नळी काठोकाठ भरून वर काचेची चकती ठेवली. पंधरावीस मिनिटांनी ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली. तत्त्व सोपं आहे, दाट मिठाच्या पाण्यात परजीवीची अंडकोशं, म्हणजे त्याची कवचबंद अंड्यांसारखी बीजं, हलकी पडतात, वर येतात आणि काचेला चिकटतात. मलाही बघायला दिलं. लंबगोल, दुहेरी कडेचे, काचेसारखे ठिपके. मोजायच्या पलीकडे.

"रक्ती हगवण," डॉक्टर म्हणाले. कॉक्सिडिओसिस. जंत नाही, विषाणू नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव, जो आतड्याच्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. रक्त येतं ते त्या फुटण्यातून. मग त्यांनी विचारलं, "दुसरी मेली ती आणली का?" पुरली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मेलेली कोंबडी पुरण्याआधी दवाखान्यात दाखवायची असते, पोट उघडलं की आतडं बघूनच बरंचसं कळतं. मोगरीने जाता जाता सांगून ठेवलं होतं, मी ते फणसाच्या मुळाशी घालून आले होते.

माझा प्रश्न होता, जुन्या सहांना काहीच कसं नाही? उत्तर ऐकून मला या आजाराची सगळी चाल कळली. त्या लहानपणापासून याच मातीत चोची मारत वाढल्या. रोज थोडं थोडं पोटात जाऊन त्यांना त्याची सवय झाली; त्या आजारी पडत नाहीत, पण शिटेतून ते टाकू शकतात. भिंगरी-मोगरी जाळीवर वाढलेल्या. शीट जाळीतून खाली, त्यामुळे त्यांच्या आतड्याने हा प्राणी कधी पाहिलाच नव्हता. अशा कोऱ्या कोंबड्या आम्ही ऐन आषाढात ओल्या तुसावर आणून सोडल्या. म्हणजे रोग बाहेरून आला नव्हता, तो आमच्याच घरचा होता.

औषध साधं निघालं, ॲम्प्रोलियमची पूड, वीस टक्क्यांची, पाण्यातून द्यायची. भिंगरीची अवस्था बघून डॉक्टरांनी पाच दिवस लिटरला 1.2 ग्रॅम आणि पुढे दहा दिवस त्याच्या चौथाई, असं लिहून दिलं. पाकिटावरची टक्केवारी वेगळी असली तर हा हिशेब बदलतो, म्हणून आमचा आकडा कोणी उचलू नये. उठताना मी सहज म्हटलं, "सोबत बी-कॉम्प्लेक्स चालू ठेवते."

"ते आज बंद!"

ॲम्प्रोलियम हे दिसायला थायमिनसारखं, म्हणजे बी१ जीवनसत्त्वासारखं असतं. परजीवीला वाढायला थायमिन लागतं; तो फसतो, खऱ्याऐवजी हे आत घेतो आणि उपाशी मरतो. मी वरून खरं थायमिन ओतत राहिले असते तर औषध फुकट गेलं असतं. मला वाटत होतं मी भिंगरीला ताकद देतेय, आणि ताकद मिळणार होती तिच्या आतड्यातल्या पाहुण्यांना. जीवनसत्त्वं द्यायची ती औषध संपल्यावर.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, 1.2 कुठून मोजणार? मग पाच लिटरला सहा ग्रॅम असं रोज ताजं पाणी करायला लागले. सातही जणांना तेच पाणी, कारण औषध एकटीला देऊन भागत नाही. चौथाई मात्रेच्या दिवसांत तेच पाणी करून एक तांब्या औषधाचं आणि तीन तांबे साधं. उरलेलं रोज फेकायचं.

पण पावसाळ्यात कोंबडी औषधाचं पाणी पिईल कशाला? अंगणात जागोजाग डबकी, पागोळ्यांची रांग, दगडी डोणी भरलेली. पहिल्या दिवशी भांडं जसंच्या तसं राहिलं. म्हणून सगळ्यांना पंधरा दिवस आतच कोंडलं. कोंबड्याने त्याबद्दल रोज पहाटे चारला निषेध नोंदवला.

भिंगरी तर पीतच नव्हती. बिनसुईच्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंब थेंब, गिळलं की पुढचा. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, घाईने पिचकारी मारली तर पाणी थेट फुप्फुसात. दर तासाला पाचेक मिली. खायला औषधाच्याच पाण्यात भिजवलेलं खाद्य, आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक. "कोंबडीला अंडं?" मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

तिसरी रात्र वाईट गेली. कागदावर रक्त होतंच. सामानाच्या हूकवाल्या काट्याला पिशवीसकट लटकवून वजन केलं तर आली तेव्हाच्या 1100 ग्रॅमचं 860 झालेलं. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागत होतं. त्यात वीज गेली आणि ऊब द्यायला लावलेला बल्ब विझला. पाय बर्फ. सासूबाई इतके दिवस "कोंबडीचे लाड" म्हणून लांब होत्या. त्यांनी न बोलता चुलीवर पाणी ठेवलं, बाटलीत भरलं, बाटलीला जुनं लुगडं गुंडाळलं आणि खोक्यात सरकवली. मग विचारलं, "हे शेळीला लागत नाही ना?" नाही लागत, शेळीची कॉक्सिडिया निराळी, कोंबडीची निराळी, आणि माणसाला तर दोन्ही नाहीत. हात धुवायचे ते धुवायचेच. एवढं ऐकून त्या झोपायला गेल्या, पण दोनदा उठून बाटलीतलं पाणी बदललं.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं. पाचव्या दिवशी तिने स्वतः चोच बुडवली.

दरम्यान खुराड्याचं काम. मी आधी फिनेल टाकलं होतं. त्या अंडकोशाच्या कवचाला फिनेलने काही होत नाही. त्याला मारतं ऊन आणि कोरडेपणा, आणि आषाढात हे दोन्ही कुठून आणायचं? शिटेतून पडलेला कोश लगेच रोग देत नाही. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत तो तयार होतो. म्हणून रोज सकाळी शीट उचलली तर साखळी तुटते. सगळं तूस ओढून काढताना सापडलं ते खरं कारण. कोपऱ्यातलं एक कौल तडकलेलं, त्यातून धार, बरोबर त्याखाली पाण्याचं भांडं, आणि भोवती हातभर चिखल. जुन्या म्हाताऱ्या कोंबड्यांच्या धाकाने दोघी नवख्या नेमक्या त्याच कोपऱ्यात झोपत. कौल बदललं, जमिनीवर बंबातलं उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस शेगडी ठेवून वाळवलं, गिरणीतून नवं तूस आणून चार बोटं पसरलं. पाण्याचं भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. कौलाची किंमत सांगायची मला लाज वाटते.

गटारी आली नि गेली. काकांनी मटण आणलं होतं, आम्हालाही वाटीभर पाठवलं.

औषध संपल्यावर जीवनसत्त्वं सुरू केली, पण तुरा लाल व्हायला श्रावण निम्मा उलटला. तिला परत मिसळणं हा वेगळाच त्रास. पंधरा दिवस दिसली नाही म्हणून म्हातारींनी तिला परकी ठरवली आणि डोक्यावर टोचून टोचून पुन्हा रक्त काढलं. शेवटी चार दिवस जाळीपलीकडून एकमेकींना बघू दिलं, मग रात्री अंधारात गुपचूप दांडीवर त्यांच्या शेजारी नेऊन बसवली. सकाळी किरकोळ भांडण झालं, एवढंच.

दिवाळीच्या तोंडावर तिने पहिलं अंडं घातलं. स्वयंपाकघरातल्या त्याच काट्यावर 38 ग्रॅम भरलं. मुलगी ते हातात घेऊन नाचत आली आणि मी बघते तर कवचावर रक्ताची रेघ. पहिल्या अंड्यांना कधी कधी अशी रेघ येते, वाट नवी असते, एखादी बारीक शीर फुटते, हे मला माहीत होतं. तरी अंडं तिच्या हातात तसंच ठेवून मी खुराड्यात वाकले आणि भिंगरीची शीट शोधायला लागले.

घट्ट होती. वर पांढरी टोपी.