बोर्ड गेलेला नव्हता

ऐन लग्नसराईतली दुपार. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा पोरगा सीपीयू घेऊन माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला. "दादा, मदरबोर्ड गेलाय म्हणतात. नवा केवढ्याला पडेल?" पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी, एवढंच बघून दुसऱ्या एका दुकानात त्याला हा निकाल मिळाला होता.

न तपासता बोर्ड बाद केला की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये त्यात जातात.

बोर्ड २०१८ चा, बी४५० चिपसेटचा. आधी त्यावर रायझन ५ २६०० प्रोसेसर होता. पोराने घरीच तो काढून ५६०० बसवला होता. दोघांचं सॉकेट एएम४, दोघेही ६५ वॅटचे, त्यामुळे प्रोसेसर बिनतक्रार बसला. पण ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. बोर्डावरच्या त्याआधीच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, तो कुठून माहीत असणार?

"बायोस अपडेट केलंस?"

"नाही."

"जुना प्रोसेसर कुठाय?"

"विकला, दादा."

घोडं इथेच अडलं होतं. प्रोसेसरशिवाय बायोस चढवायचं बटण काही बोर्डांवर असतं, याच्यावर नव्हतं. अशा कामांसाठी मी जुन्या बायोसला ओळखीचा एक २२००जी प्रोसेसर जपून ठेवलाय. प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवला. नाहीतर मधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, आणि त्याच्या १,३३१ पिनांपैकी एक जरी तुटली तरी पंचाईत. २२००जी बसवला, बटण दाबलं, लगेच डिस्प्ले. बोर्ड ठणठणीत होता!

कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या यादीत ५६०० साठी कुठलं बायोस लागतं ते पाहिलं, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल टाकली आणि यूपीएसवर अपडेट सुरू केलं. निम्म्यावर आलं असताना दुकानातले दिवे गेले. यूपीएस टीं-टीं करू लागला. पोराने माझा दंड घट्ट धरला. पट्टी मात्र सरकत राहिली, शंभर टक्क्यांवर गेली, मशीन आपणहून रीस्टार्ट झालं.

वीज आल्यावर ५६०० परत बसवला. बायोसमध्ये त्याचं नाव दिसताच पोरगा चक्क ओरडला. अपडेटमुळे सेटिंग मूळपदावर गेलं होतं, त्याची ३२०० वेगाची रॅम २४०० वर चालत होती. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर चालवणारं सेटिंग, लावून ती जागेवर आणली. माझ्याच टेबलावर त्याने सकाळच्या हळदीचा व्हिडिओ रेंडरला लावला.