किल्ल्या कोणाच्या कमरेला?

“एवढं चांगलंचुंगलं वाचता, मग मधेच हे पछाडलेले वाडे, उमरावांची प्रेमप्रकरणं आणि दिवाणखान्यात पडलेली प्रेतं कशाला?” हा प्रश्न मला सतत विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, मधुमेह असलेल्या माणसाने जिलबी उचलल्यावर असावी तशी. आणि पाठोपाठ हुकमी पुरवणी येते: “शेवट तर आधीच ठाऊक असतो ना?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, असतो ठाऊक. लग्न होणार, खुनी सापडणार, वाड्याचं रहस्य उलगडणार. म्हणूनच पुढे काय होईल याची धाकधूक फारशी राहत नाही आणि मी निवांतपणे दुसरंच काहीतरी बघत बसते. या घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, ते. एकदा ही सवय लागली की भूत, प्रियकर आणि खुनी हे तिघेही त्या एका जुडग्याभोवती फिरताना दिसतात.

अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ ही कादंबरी घ्या. १७९४ साली आलेली, प्रकाशकाने त्या काळात पाचशे पौंड मोजून घेतलेली. तिच्यातला काळा पडदा प्रसिद्ध आहे. नायिका एमिली तो उचलते, आत काहीतरी बघते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं हे मात्र वाचकाला शेकडो पानं कळत नाही. कळतं तेव्हा तो निघतो मेणाचा पुतळा! यावर चिडणारे बरेच भेटतात. मी चिडत नाही, कारण माझा जीव केव्हाच दुसऱ्या एका गोष्टीत अडकलेला असतो. एमिलीच्या खोलीला दोन दारं आहेत. त्यातल्या एकाला आतून कडीच नाही; ते फक्त बाहेरून बंद करता येतं. एवढ्या एका तपशिलावर बाईंनी रात्रीच्या रात्री जागवल्या आहेत, आणि मला तो कुठल्याही सांगाड्यापेक्षा जास्त भिववतो. बाकी मोंतोनी या खलनायकाला हवं काय असतं? सही. बायकोने, म्हणजे एमिलीच्या आत्याने, आपली जमीनजुमला त्याच्या नावे करावी म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो. ती मरते, पण सही करत नाही. मग तो तीच मालमत्ता मागायला एमिलीकडे वळतो.

कथा सोळाव्या शतकातल्या फ्रान्स-इटलीत घडते, पण वाचणाऱ्या इंग्रज बायकांना ती परकी वाटली नसणार. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न लागलं की बाईचे पैसे, चीजवस्तू नवऱ्याच्या होत आणि जमिनीचा कारभार त्याच्या हाती जाई. माहेरच्यांनी आधीच विश्वस्त नेमून तजवीज केली असेल तर वाचली, एवढंच. हे खऱ्या अर्थाने बदललं ते १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. म्हणजे बुरुज कल्पनेतला होता, कागद खरा होता.

विल्की कॉलिन्स यांनी तर बुरुजही काढून टाकला. ‘द वुमन इन व्हाइट’ १८५९–६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली, आणि तिच्यातला मला सर्वांत भयंकर वाटणारा प्रसंग दिवसाढवळ्या, घरात, टेबलापाशी घडतो. नवरा बायकोपुढे दस्तऐवज सरकवतो. मजकूर दिसू नये अशी त्याची घडी घातलेली, फक्त सहीपुरती जागा उघडी. ‘कर सही.’ ती म्हणते, आधी वाचायला द्या. बस, इतकंच.

जेन ऑस्टिन गॉथिक, म्हणजे अशा पछाडलेल्या वाड्यांच्या, कादंबऱ्यांची टर उडवतात, असं आपण ऐकून असतो. ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’मधली कॅथरिन मध्यरात्री कपाटातून गूढ हस्तलिखित काढते आणि सकाळी ती धुलाईची बिलं निघतात, हे खरंच. घरमालक जनरलने बायकोचा जीव घेतला असावा हा तिचा संशयही फोल ठरतो. पण पुढे काय होतं, ते सांगायला लोक विसरतात. ही मुलगी आपल्याला वाटली तशी श्रीमंत नाही, असं कळताच घरमालक जनरल तिला परतीच्या लांबच्या प्रवासाला एकटीलाच धाडून देतात. प्रेत नव्हतं, हिशेब होता. तिला माणूस ओळखता आला होता, गुन्हा तेवढा चुकला.

ऐतिहासिक प्रेमकथांबद्दल मात्र मी खडूस आहे. नुसते झगे आणि मेणबत्त्या असतील तर पुस्तक मिटते. काळाचे नियम कथेला अडवत असले पाहिजेत. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्यांना परवान्याने लग्न करायला पालकांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीनकडे घोडागाडी पिटाळत. हे माहीत असलं की वाटेत मोडलेलं चाक नुसतं विनोदापुरतं राहत नाही. अशा प्रेमकथा लिहिणाऱ्या जॉर्जेट हेयर या बाबतीत पक्क्या. पण त्यांच्या ‘द ग्रँड सोफी’त ज्यू सावकाराचं जे चित्रण आहे ते किळसवाणं आहे, आणि कादंबरी १९५० ची आहे, म्हणजे नाझींनी ज्यूंचं काय केलं ते जगाला ठाऊक झाल्यानंतरची. मजेसाठी वाचते म्हणजे अशा पानांवरून डोळे मिटून पुढे जाते, असं नाही.

रहस्यकथेचं थोडक्यात. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी तिचे दहा नियम लिहिले: अलौकिक काही चालणार नाही, आणि गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू होते, हे मला फार आवडतं. म्हणजे गॉथिकचंच घर, फक्त भुयारांवर रेशनिंग.

आणि ‘रेबेका’. १९३८, दाफ्ने द्यु मोरिए. निवेदिकेला, म्हणजे घरच्या नव्या मालकिणीला, स्वतःचं नाव नाही आणि त्या प्रचंड घरावर हुकूम चालतो कारभारीणबाईंचा. नव्या मालकिणीच्या हातून एक चिनी मातीची मूर्ती फुटते, तर ती तुकडे खणात लपवते आणि आळ एका नोकरावर येतो. मालकीण कोण, ते त्या खणात कळतं. मला यापुढे भूत लागत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची तर कॉलिन्सपासून करा, तो धरून ठेवतो. रॅडक्लिफबाई नंतर. त्या मधेमधे कविता घालतात. मी सरळ ओलांडते, तुम्हीही ओलांडा.